कंपवाताचे पालघरी नमुने

आमच्या टीमने गोळा केलेलं रक्त बर्फाच्या डब्यात बसून मुंबईला जातं. वंशावळी कॉम्प्युटरमध्ये जातात. जे कुठेच जात नाही ते जीपमध्ये साठत राहतं, आणि ते म्हणजे किस्से! बोईसरला ट्रॅफिकमध्ये अडकलो की कोणीतरी एक काढतो. त्याची शेपटी धरून दुसरा येतो. बेटेगावला चहाला थांबेपर्यंत हसून हसून पोट दुखायला लागतं आणि चहा पिताना लक्षात येतं, की यातले निम्मे किस्से खरं तर हसण्यासारखे नव्हते.

आधी आम्ही कोण, ते सांगते. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, हा आजार तुम्हाला ऐकून माहीत असेल. हात थरथरतो, चाल मंदावते, अंग लाकडासारखं होतं. कोणत्या लोकांमध्ये कोणत्या जनुकांमुळे याचा धोका वाढतो, हे शोधणारा आमचा प्रोजेक्ट. परदेशात यावर ढीगभर काम झालंय. उत्तर आफ्रिकेतल्या काही जमातींत एका जनुकातला एक बदल खूप सापडतो, तोच आपल्याकडे शोधायला गेलं तर क्वचित. मग आपल्याकडे काय सापडतं? तर ते फारसं कोणी बघितलेलंच नाही.

आमच्या न्यूरोलॉजिस्ट वृंदा मॅडम म्हणतात, "शितावरून भाताची परीक्षा करतात, ठीक आहे. पण बासमतीची शितं चाचपून आपल्या वाडा कोलमची परीक्षा चाललीय, त्याचं काय?"

तर आम्ही वाडा कोलमची शितं गोळा करतो. मॅडम पेशंट तपासतात. प्रणव जनुकांमधला, परदेशात शिकून आलेला, रक्त तोच सांभाळतो. हरेश इथल्याच पाम गावचा, जीप चालवतो. आणि मी घरोघरी बसून कोणाचा आजा कोण, पणजी कुठची, ते विचारते. लोक मला ताई म्हणतात. नावं मी सगळ्यांची बदलली आहेत, गावंही थोडी इकडची तिकडे केलीत. स्वभाव मात्र होते तसेच ठेवलेत. ते बदलणं माझ्या हातात नाही!

*

पहिली सभा एका गावच्या शाळेत होती. प्रणवने पडद्यावर रंगीत गोल-गोल आकृत्या लावल्या आणि अर्धा तास "धोकादायक जनुकं" समजावून सांगितली. लोकांनी शांतपणे ऐकलं. अशी शांतता म्हणजे काही कळलं नाही याची खात्री.

मग गावचे पुढारी आभार मानायला उठले. "साहेबांनी लांबून येऊन माहिती दिली, चांगली गोष्ट हाय. पण आमच्या गावात असली जनुकं-बिनुकं काय नाय! आमचं गाव हागणदारीमुक्त हाय, तंटामुक्त हाय, आता कंपमुक्त बी लिहून टाका!"

टाळ्या पडल्या. प्रणवचा चेहरा पडला. मॅडम मात्र हसून म्हणाल्या, "उत्तम! मग आता चहा होऊन जाऊ द्या."

चहा कपबशीतून आला. पहिल्या रांगेत गावचे जुनेजाणते बसलेले. कप हातात पडले आणि त्या रांगेतून किणकिण सुरू झाली. एक आजोबा गुडघ्यावर टॉवेल टाकून त्याखाली उजवा हात लपवून बसले होते. त्यांनी डाव्या हाताने कप धरला तर टॉवेलच हलायला लागला. दुसऱ्यांचा चहा बशीत, बशीतून धोतरावर.

सगळी शाळा त्या आवाजाकडे बघायला लागली. पुढाऱ्यांनीही बघितलं. आणि ते ओरडले, "अरे, कोणी आणल्या या बशा? साफ वाकड्या हाय!"

सभा संपली, आम्ही जीपमध्ये बसलो, तर शाळेच्या मागच्या बाजूने ते टॉवेलवाले आजोबा बायकोला घेऊन आले. इकडेतिकडे बघत आजी म्हणाल्या, "ताई, यांची बशी जरा बघता का?"

*

आमच्या अभ्यासाला एक अट आहे. नमुना देणाऱ्याचे दोन्ही आजे आणि दोन्ही आज्या शक्यतो एकाच समाजाच्या हव्यात. म्हणजे कोणत्या लोकांत काय सापडतं याची तुलना नीट होते. शास्त्राच्या दृष्टीने साधी अट. आमच्या भागात मात्र ती बॉम्बसारखी फुटते!

किनाऱ्यावरच्या एका समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी आम्हाला घरी बोलावून नारळपाणी दिलं आणि छाती पुढे काढून सांगितलं, "पोर्तुगीज यायच्या आधीपासून आम्ही इथले. बाहेरचा माणूस नाही, बाहेरची बाई नाही. रक्त एकदम प्युअर! तुम्हाला असं सॅम्पल सगळ्या जिल्ह्यात मिळणार नाही."

पलीकडे झोपाळ्यावर त्यांच्या आई पान लावत बसल्या होत्या. त्यांनी चुना लावता लावता मान वर केली. "प्युअर कसला रे! तुझी पणजी होडीतून आलेली. कुठची, ते कोणालाच ठाव नाय. नाकीडोळी नीटस होती म्हणून तुझ्या पणज्यानं ठेवून घेतली."

"आई, तू आत जा बघू!"

पण आता प्रणवच्या अंगात संशोधक संचारला होता. तो खुर्ची सरकवून आजींपुढे जाऊन बसला. "आजी, हे फार महत्त्वाचं आहे! होडी नेमकी कुठून आली होती?"

आजींनी विडा तोंडात टाकला आणि या शिकलेल्या मुलाची कीव करत म्हणाल्या, "समुद्रातून!"

अण्णांनी यानंतरही नमुना दिला, पण आमचा पिच्छा सोडला नाही. दर आठवड्याला फोन. "ताई, त्या पलीकडच्या समाजाचा धोका किती निघाला?"

"अण्णा, अजून काहीच निघालेलं नाही. वेळ लागतो."

"निघाला की सांगा. आमचा त्यांच्यापेक्षा कमीच असणार!"

मग कुठून तरी गावात बातमी पसरली, की ज्या समाजात धोका जास्त सापडेल त्यांच्यासाठी मोफत तपासणी केंद्र होणार आहे. असं काही ठरलेलं नव्हतं. बातमीला ते कुठे लागतं! दुसऱ्याच दिवशी अण्णांचा फोन. आवाज सभेतला.

"ताई, एक लक्षात ठेवा. आमच्या समाजात कंपवात फार जुना आहे! पोर्तुगीज यायच्या आधीपासून! आमच्या धोक्यावर अन्याय झाला, तर आम्ही रस्त्यावर उतरू!"

*

डहाणूच्या बाजूला एक इराणी शेठ आहेत, चिकूची मोठी वाडी. हात थरथरतो पण बोलण्याची धार जशीच्या तशी. प्रणवच्या लॅपटॉपवर परदेशी सॉफ्टवेअर होतं. त्यात माणसाचा समूह निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. युरोपीय, आफ्रिकी, पूर्व आशियाई अशी यादी, आणि सगळ्यात खाली 'इतर'.

शेठ चष्मा वर करून स्क्रीन बघत होते. "आमाला किधर टाकते तू?"

"शेठ, तेच बघतोय. इराणी असं यात नाहीये."

"आनि तुला किधर टाकला?"

"मला... 'इतर'मध्येच."

"आनि ह्या बाईला? ड्रायवरला? ते समोर झाडावर चढला त्याला?"

"सगळे 'इतर'."

शेठ मागे टेकून मोठ्याने हसले. "म्हंजे आख्खा पालघर 'इतर'! मग भांडते कशाला रे तुमी लोक एकमेकांत?"

*

कंपवातात एक गोष्ट आधीपासून होऊ शकते. हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी वास येणं कमी होतं. त्यासाठी आमच्याकडे एक परदेशी किट आहे. कागदावर नखाने खरवडायचं, हुंगायचं आणि चारपैकी एक उत्तर सांगायचं.

तारापूरच्या बाजूला एका कोळीवाड्यात काशिनाथकाका आणि त्यांची बायको जयवंतीमावशी यांच्या अंगणात आम्ही बसलो होतो. बाजूला बोंबील वाळत घातलेले. वारा आमच्याच दिशेला. प्रणव नाकाला रुमाल लावून, अत्यंत गंभीरपणे, वासाची परीक्षा घेत होता!

काकांनी पहिला कागद हुंगला. "काय नाय."

"पर्याय आहेत काका. देवदार, ज्येष्ठमध, पुदिना, टर्पेंटाइन."

"काय नाय."

दुसरा कागद. "काय नाय." तिसरा. "काय नाय."

मावशी कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. "आण इकडे!" म्हणून त्यांनी कागद ओढून घेतला आणि हुंगला. "हे काय? कोणाच्या घरात असला वास येतो? याच्यात तर मी बी नापास!"

मॅडमनी किट बाजूला ठेवायला सांगितलं. मावशींनी घरातलं जे हाताला लागलं ते आणलं. लसूण ठेचलेली, कॉफीची पुडी, आगपेटीची ओढून विझवलेली काडी, शेवटी सुकटीचा डबा. सुकटीचा डबा उघडल्यावर हरेश अंगणाबाहेर गेला. काकांनी मात्र डबा नाकाशी धरून दीर्घ श्वास घेतला आणि शांतपणे म्हणाले, "काय नाय."

मॅडमनी विचारलं, "मावशी, यांना वास येत नाही हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

मावशी एकदम खाली बसल्या. पदर तोंडाशी धरून रडतायत की हसतायत ते आम्हाला कळेना.

"लगीन झाल्यापासून या माणसानं माझ्या कालवणाला नाव ठेवल्याबिगर जेवलं नाय. मग हळूहळू बोलायचाच बंद झाला. गुमान जेवतो, ताट धुतो, उठतो. मी आख्ख्या वाड्यात सांगत फिरली बाय, माझा दादला सुधारला! देवीची ओटी भरली!"

काका गोळ्या घेतात. चाल बरी झालीये, पुन्हा बंदरावर जातात. वास मात्र परत आला नाही. मागच्या वेळी गेलो तेव्हा मावशी मॅडमना बाजूला घेऊन म्हणाल्या, "चालतो-फिरतो, लय झालं. पण कालवणाला नाव ठेवायची काय गोळी असली तर बघा ना!"

*

बोईसरला कारखान्यात काम करणारी माणसं देशभरातून आलेली. त्यामुळे वेगवेगळ्या लोकांचे नमुने एका जागी मिळतात. आम्हाला ते सोयीचं. म्हणून एका केमिकल कंपनीत शिबिर घ्यायचं ठरलं. परवानगी चटकन मिळाली. इतकी चटकन, की मॅडमना संशय आला.

एचआरच्या साहेबांनी काजू ठेवले, एसी वाढवला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं काम आम्हाला फार आवडलं. म्हणजे हा आजार जीन्समुळेच होतो, बरोबर? आई-वडिलांकडून! कंपनीचा काही संबंध नाही. तेवढं एक आमच्या लेटरहेडवर लिहून दिलं, तर नोटीस बोर्डला लावू."

आम्ही खाली आलो तर गेटवर युनियनचे पुढारी उभे. "मॅडमजी, सुना है आप जीन-वीन का टेस्ट कर रही हो? हमारे आदमी में कोई जीन नहीं है! सब हट्टे-कट्टे आए थे गाँव से। आप लिख दो कि सब केमिकल से होता है, हम गेट पे चिपका देंगे।"

एकाला जनुकं हवी होती, दुसऱ्याला नको होती. रक्त मात्र दोघांनाही काढून द्यायचं नव्हतं!

मॅडमनी दोघांना एकत्र कँटीनमध्ये बसवलं आणि फळ्यावर लिहून समजावलं. काही कीटकनाशकं, काही सॉल्व्हंट यांनी धोका वाढतो असं दिसतं. काही जनुकांनीही वाढतो. बऱ्याच वेळा दोन्हीची मिळून गोष्ट असते. "शेतीसारखंच आहे. बी कसं आहे तेही बघायचं आणि जमीन कशी आहे तेही बघायचं. नुसत्या बियाला दोष देऊन चालत नाही, जमिनीची जबाबदारी कोणीतरी घ्यायलाच हवी."

युनियनवाले मान डोलवायला लागले. एचआरचे साहेब घाईघाईने उभे राहिले.

"मॅडम, एक मिनिट! जमीन आमची नाहीये. ती लीजवर आहे!"

*

एका गावचे उपसरपंच, भाऊ. पूर्वी सतत खिदळणारा, टाळ्या देणारा, सभेत विनोद करून स्वतःच हसणारा माणूस. लोक म्हणायचे, माणूस चांगला, पण याला कोण सिरियस घेणार?

मग भाऊ बदलले. हसू गेलं. चेहरा दगडासारखा. बोलणं हळू, खालच्या पट्टीत, अर्धं वाक्य बोलून थांबायचं. पावलं छोटी आणि जपून. कोणी तक्रार घेऊन आलं तर पापणी न हलवता बघत राहायचे. समोरचा घाबरून स्वतःच तक्रार मागे घ्यायचा!

गावात चर्चा सुरू झाली. "भाऊंमध्ये आता खोली आली." "सत्ता आली तरी माणूस किती शांत!" कार्यकर्त्यांनी बॅनर लावला, भाऊंचा तो निर्विकार फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात 'गंभीर नेतृत्व, खंबीर नेतृत्व'. पुढच्या निवडणुकीत सरपंचपदाला भाऊच, हे ठरलं.

भाऊंच्या बायकोला मात्र हे नेतृत्व घरात परवडेना. ती त्यांना ओढून आमच्या शिबिरात घेऊन आली. "माझ्याकडे पण असाच बघतो. मी मेली तरी असाच बघेल!" मॅडमनी तपासलं आणि सांगितलं, हा गंभीरपणा नाही, आजार आहे. चेहऱ्याचे स्नायू आखडतात. गोळ्या सुरू केल्या.

गोळ्या लागू पडल्या. भाऊ हळूहळू हसायला लागले. एका श्रद्धांजलीच्या सभेत जुना विनोद आठवला आणि तिथेही हसले!

दुसऱ्या दिवशी दोन कार्यकर्ते मॅडमच्या पालघरच्या क्लिनिकमध्ये हजर. चपला बाहेर काढून, हात जोडून. "मॅडम, भाऊंची तब्येत आमच्यासाठी पहिली. तिच्याशी तडजोड नाय. फक्त एक विनंती हाय."

"बोला."

"निवडणुकीपर्यंत गोळी जरा अर्धी करता येईल का?"

*

हा किस्सा जीपमध्ये कोणी काढत नाही. पण सगळ्यांना आठवतो, म्हणून सांगते.

जव्हारच्या वाटेवर डोंगरात एक वारली पाडा आहे. गाडी खालीच ठेवून चढावं लागतं. तिथल्या जान्याबाबांना आजार मोठा. चटईवर बसवलं की बसलेले, झोपवलं की झोपलेले. पहिल्या खेपेला मॅडमनी सोबत होत्या तेवढ्या गोळ्या दिल्या, चिठ्ठी लिहून दिली. रक्त घेतलं आणि उतरलो.

पुढे मुंबईहून निरोप आला, की वाटेत बर्फ वितळला, नमुना खराब झाला, पुन्हा आणा. पुन्हा चढलो. प्रणवच्या पाठीवर बर्फाचा तो निळा डबा.

जान्याबाबा पुन्हा चटईवरच होते. त्यांच्या बायको सोमीआजी म्हणाल्या, "गोळी होती तवा उठला होता. पार त्या मोहाच्या झाडापावत गेला, आपल्या पायानं. मंग गोळी सरली."

"पण चिठ्ठी दिली होती ना?"

"ती गोळी पालघरला मिळं. मला पालघरला कोण नेईल? पोरगा इटभट्टीला गेलाय."

प्रणवने काहीतरी करायचं म्हणून सुई, नळ्या काढायला सुरुवात केली. आजी त्या निळ्या डब्याकडे बघत होत्या. आवाजात राग नव्हता. त्या फक्त विचारत होत्या. "रगत खाली उतरतं, त्याला बर्फाचा डबा हाय. गोळी वर चढायला डबा नाय का?"

प्रणवने नळ्या पिशवीत परत ठेवल्या. त्या दिवशी रक्त घेतलं नाही.

पुढच्या आठवड्यात प्रणव एकटाच त्या वाटेने चढून गेला. तेव्हापासून डोंगराकडे जाताना तो डबा गोळ्यांनी भरून जातो आणि येताना रक्ताने. जान्याबाबा आता मोहाच्या झाडाखाली बसतात. रक्त त्यांनी नंतर आपणहून दिलं.

मुंबईच्या ऑफिसमधून अर्थातच ईमेल आला. 'नमुन्यांच्या डब्यातून औषधे नेण्यास परवानगी कोणी दिली? खुलासा करावा.'

प्रणवने खुलासा केला. 'रिकामा डबा जीपमध्ये आदळतो. वजन म्हणून ठेवतो.'

*

आणि आता वसंतकाकांचा.

केळव्याच्या बाजूला वसंतकाकांची पानवेलीची वाडी. कंपवात त्यांना लवकर झाला, पन्नाशीच्याही आत. उजवा हात सतत हलतो. माणूस मोकळा, लपवालपवी नाही. पण त्यांची मुलगी मयूरी लग्नाची झाली आणि हाताने घरात त्रास सुरू केला. स्थळं येत, पोहे खात, काकांच्या हाताकडे बघत, आणि "कळवतो" म्हणून जात. काका मला एकदा म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी पाव्हणे येतील तवा मी वाडीत जाऊन बसतो. मुलगी दिसते तेवढी पुरे. बाप कशाला दिसायला पायजे?"

मयूरीने ते ऐकलं आणि ठणकावलं, "बाप दिसल्याशिवाय मी कोणाला दिसणार नाही!"

मग एक स्थळ आलं. मुलगा चांगला, दोघांचं आधीच बोलणं झालेलं, पसंत होतं. फक्त मुलाचे वडील, नरोत्तमकाका, तयार होईनात. खानदान बघणारे, करारी. कोणीतरी त्यांना सांगितलं, की पालघरच्या क्लिनिकमध्ये रक्त बघून कंपवात कोणाला होणार ते कळतं, आणि मुलीने तिथे रक्त दिलंय.

ते एकटेच आले. घरी न सांगता. मी मॅडमच्या बाजूलाच बसले होते.

"मला तिचा रिपोर्ट पायजे," त्यांनी बसता बसता सांगितलं.

"असा रिपोर्ट नसतो," मॅडम म्हणाल्या. "आणि असता तरी तुम्हाला दिला नसता. कोणाचंही काहीही आम्ही दुसऱ्याला सांगत नाही. वडिलांना आहे म्हणून मुलीला होईलच असं नसतं. बहुतेक वेळा होत नाही."

"मला शास्त्र नको सांगू, पोरी. खाण तशी माती! माझ्या घरात उद्या नातवंडं येतील. आमच्या सात पिढ्यांत असलं काय नाय. मला फक्त हो का नाय, एवढंच सांग."

मॅडम मघापासून त्यांच्याकडे निरखून बघत होत्या. नरोत्तमकाका आत आले तेव्हा त्यांचा उजवा हात चालताना पुढेमागे हलत होता. डावा अंगाला चिकटून होता.

"काका, तुमची हरकत नसेल तर जरा त्या दारापर्यंत चालून या बघू."

"कशाला?"

"या तर."

ते गेले, वळले. वळताना चार-पाच छोटी पावलं घेतली. परत येऊन बसले. मॅडमनी कागद पुढे केला. "इथे चार-पाच ओळी लिहा. काहीही."

त्यांनी नाव, गाव, तालुका लिहिलं. पहिली ओळ ठसठशीत. खाली येईपर्यंत अक्षर मुंगीएवढं. मग मॅडमनी त्यांचा डावा हात मनगटाशी धरून हळूहळू फिरवला, सोडला, आणि तो मांडीवर ठेवायला सांगितला. मांडीवर ठेवलेल्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला, जपमाळ ओढतात तसा.

नरोत्तमकाका आपल्याच अंगठ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या कोणाचा असावा तसं.

"पक्कं करायला आणखी तपासावं लागेल," मॅडम हळू म्हणाल्या. "पण मला वाटतंय. औषध आहे, घाबरू नका. वासाचं काय? देवापुढची उदबत्ती कळते?"

"ती बायको लावते," ते म्हणाले. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, उठले, दारापर्यंत गेले आणि तिथून परत फिरले. करारी माणूस, पण आवाज अगदी खाली आला होता.

"मॅडम, एक करा. हे मुलीकडच्यांना कळू देऊ नका हां!"

मॅडम म्हणाल्या, "मी म्हटलं ना मघाशी. आम्ही कोणाचंच कोणाला सांगत नाही."

लग्न ठरलं. कसं ठरलं, नरोत्तमकाका घरी जाऊन काय बोलले, आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. आमंत्रण मात्र दोन्हीकडून आलं. वाडीतच मांडव घातला होता. आम्ही सगळे गेलो. प्रणवने पहिल्यांदाच झब्बा घातला होता.

व्याहीभेटीची वेळ झाली. वसंतकाकांच्या हातात हार, आणि हार असा हलतोय की पाकळ्या गळतायत. मांडवातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. वसंतकाकांनी कसाबसा हार घातला आणि हात मागे लपवला. नरोत्तमकाका डावा हात झब्ब्याच्या खिशात घालून ताठ उभे होते.

फोटोग्राफर मुंबईहून आणलेला. तो स्टुलावर चढून ओरडला, "काका, हातात हात द्या! हां, असा. आता हलवू नका! काका, हात हलतोय... काका, स्टेडी! फोटो हलतोय ओ!"

वसंतकाकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी हात सोडवून घ्यायला बघितलं. नरोत्तमकाकांनी तो सोडला नाही. त्यांनी खिशातला डावा हात बाहेर काढला आणि वसंतकाकांच्या हातावर ठेवला.

वसंतकाकांनी खाली बघितलं. मग वर, व्याह्यांच्या तोंडाकडे बघितलं. आणि एकदम हसायला लागले. नरोत्तमकाकाही हसायला लागले. दोघांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेनात. मांडवात कोणाला काही कळेना.

फोटोग्राफर वैतागला. "अहो काका, मघाशी एक हलत होता, आता दोन्ही हलतायत!"

"तू काढ रे!" नरोत्तमकाका म्हणाले. "व्याही हाय आमी!"